टायब्रेकरचा अझहर

चौगुले गल्लीत येऊन अझहर शिकलगार कुठं राहतो असं विचारलं, तर समोरचा जरा घुटमळतो, कारण गल्लीत अझहर पुष्कळ. टायब्रेकरचा अझहर म्हणा, मग शेंबडं पोरसुद्धा बोट धरून दारापर्यंत नेतं. बाहेरच्याला ही ओळख मोठी मानाची वाटेल. अझहरलाही बरीच वर्षं तशीच वाटत होती. माणूस ज्या नावाला भुलतो तेच नाव त्याला कसं गिळतं हे बघायचं असेल तर या गल्लीत यावं, आणि फुटबॉलचा सीझन संपल्यावर यावं, म्हणजे तो घरी सापडेल.

ज्या पावण्यांना कोल्हापूरचा फुटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इथं टीम कंपनीची नसते, क्लबची नसते, तालमीची असते. चौगुले गल्ली तालमीच्या आखाड्यात आता फारसं कुणी कुस्ती करत नाही, पण तांबडी माती अजून भिजवून, मळून ठेवतात. त्याच इमारतीत गणपती बसतो, त्याच इमारतीत मोहरमचा पंजा बसतो, आणि त्याच इमारतीच्या कट्ट्यावर टीम ठरते. मॅच बरोबरीत सुटली की जादा वेळ वगैरे लाड नाहीत. दोन्हीकडच्यांनी पाच-पाच पेनल्ट्या मारायच्या. त्याला म्हणायचं टायब्रेकर. तिथं गोलकीपर एकटा, चेंडू मारणारा एकटा, आणि सगळं स्टेडियम श्वास धरून गप्प.

अझहर गोलकीपर होता, पण टीमचा गोलकीपर सम्राट. सम्राट उंच, दणकट, हवेतून येणारा चेंडू झाडावरचा पेरू तोडावा तसा काढायचा. अझहर बुटका. हवेतल्या चेंडूला त्याचा हात पुरायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. विशीत असताना एकदा मे महिन्याच्या उन्हात सम्राटला उलट्या सुरू झाल्या आणि टायब्रेकरच्या तोंडावर नाइलाजानं अझहरला आत पाठवलं. बुटक्यानं दोन पेनल्ट्या अडवल्या. चेंडू मारणाऱ्याचा मारता पाय तो बघतच नसे, जमिनीवर रोवलेल्या पायाकडं बघायचा आणि तो पाय जिकडं वळलेला असेल तिकडं उडी टाकायचा. त्या दिवशी गल्लीनं त्याला खांद्यावर घेऊन मिरवला, त्याच्या अम्मीनं दारात उभं राहून डोळे पुसले, आणि त्याचं नशीब ठरून गेलं.

तेव्हापासून एक रीतच पडली. मॅच बरोबरीत चालली आणि वेळ संपत आली की स्टँडमधून हाका सुरू व्हायच्या, "अझहर, अझहर." टीमचे कोच ज्ञानूमामा बाकावरून उठायचे, शर्टाच्या खिशातून आखाड्यातल्या तांबड्या मातीची पुडी काढायचे, ती अझहरच्या तळहातांना चोळायचे, आणि रेफरीला खूण करायचे. सम्राट बाहेर, अझहर आत. सबंध मॅच बाकावर बसायचं आणि शेवटाला पाच पेनल्ट्या. पंगत उठल्यावर मांडव आवरायला बोलावलेल्या पावण्यासारखी ही गत होती. पण आवरणाऱ्याच्या नावानं टाळ्या वाजत होत्या, तोवर त्याला काही वाटलं नाही.

खड्डा त्यानं स्वतःच खणला, आणि तोही भीतीपोटी. एका सेमीफायनलला सम्राटनं कमाल केली होती. अंगावर आलेले चेंडू असे काही अडवले की संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, "मामा, असला खेळाला असताना सम्राटलाच ठेवायचं की टायब्रेकरला. बदलायचं कशाला?" अझहरच्या मनात आलं, तेवढ्या पाच पेनल्ट्याही गेल्या तर आपण काय, नुसते बाकाचे मालक. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "मामा, सबंध मॅच खेळल्याला गोली टायब्रेकरला ठेवू ने. त्येचं डोळं दमल्यालं असत्यात. चेंडू बघून बघून डोळ्यात चेंडूच ऱ्हातोय. ताजा माणूसच पायजे."

बोलणं अगदी खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. पोटाची काळजी पडली की माणसाला शहाणपण सुचतं, त्यातलं ते होतं. ज्ञानूमामांना मात्र ते फार पटलं. आठवड्याभरात ते वाक्य ते स्वतःचं म्हणून सांगायला लागले, वर्षभरात त्याचा नेम झाला. पुढं एकदा मामा गावाला गेलेले असताना तो नेम मोडला, सम्राटलाच टायब्रेकरला ठेवलं, आणि तालीम हरली. मग काय विचारता, नेमाला देव चिकटला. चौगुले गल्लीत एक वेळ लग्नाची तारीख बदलेल, पण सबंध मॅच खेळलेला गोलकीपर टायब्रेकरला उभा राहणार नाही. अझहर मनात खूश होता. आपली जागा आपण पक्की केली असं त्याला वाटत होतं.

जागा पक्की झालीच, खिळा ठोकावा तशी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तो कास्टिंग घासायच्या कामाला होता. दिवसभर ग्राइंडर, ठिणग्या, नाकातोंडात काळी धूळ. काम नेकीचं होतं म्हणून साहेबांनी त्याला सुपरवायझर करायचं ठरवलं, पण ती दुपारची शिफ्ट, आणि मॅचा दुपारच्या. त्यानं नको म्हटलं. पाच पेनल्ट्यांसाठी, त्याही होतील न होतील. त्याची बायको नजीरा हुपरीची. माहेरी घरोघरी चांदीचे पैंजण करायचं काम, तिथल्या माणसांना केलेल्या कष्टाचं काहीतरी हातात दिसायची सवय. ती म्हणाली, "तुमी खेळतायसा तरी कुठं? बसतायसा." अझहर तिच्यावर ओरडला, आणि नंतर अंघोळीच्या निमित्तानं बराच वेळ मोरीत बसून राहिला. कारण ती खरं बोलली होती.

मग बुरूज तालमीचं बोलावणं आलं. बुरूज तालीम म्हणजे चौगुले गल्लीचे पिढीजात वैरी. त्यांच्या टीमचं बघणारे विजयसिंह फौंड्रीच्या गेटवर येऊन थांबले आणि आडपडदा न ठेवता म्हणाले, "शिकलगार, आमच्यात या. आमचा गोली निस्ता खांब हाय. पयल्या शिट्टीपासनं शेवटच्या शिट्टीपतोर तुमी उभं ऱ्हायचं. बाक दावणार न्हाय तुमास्नी."

पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. अझहरनं ते शब्द घरी येईपर्यंत मनात घोळवले. असं कधी कुणी त्याला म्हटलं नव्हतं. पण कोल्हापुरात पेठ बदलणं म्हणजे नुसती टीम बदलणं नव्हे. अब्बांनी जन्मभर तालमीचा पंजा खांद्यावर वाहिला होता. ते खाटेवरून एवढंच म्हणाले, "बुरुजात गेलास तर माझ्या जनाज्याला गल्ली येणार न्हाय. बघ बाबा." ज्ञानूमामांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी अझहरचे दोन्ही हात हातात धरले. "पुढच्या सीझनला तूच उभा ऱ्हाशील, सुरवातीपासनं. माझा सबुद हाय. पर असं तोंड फिरवू नगंस, भावा." अझहरनं बुरुजाला नकार कळवला.

पुढचा सीझन आला, त्याच्या पुढचाही आला. मामा लबाड नव्हते. फक्त दरवेळी सम्राट चांगला खेळत असायचा, आणि हुकमाचं पान आधीच टाकायला कुणाचा हात धजत नव्हता. शब्द मामांच्या खिशात तसाच राहिला. अब्बा गेले. जनाज्याला सगळी गल्ली आली, तालीम बंद ठेवली, मामांनी खांदा दिला. अझहरला त्या दिवशी वाटलं की आपलं बरोबरच झालं. पुढं मात्र त्याचे गुडघे कुरकुरायला लागले, कानशिलावर पांढरे दिसायला लागले, आणि एकदा त्याची पोरगी मेहक शाळेतून तोंड पाडून आली. वर्गात तिनं सांगितलं होतं, माझे पप्पा तालमीकडून खेळतात. तर मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, माझे बाबा दर मॅचला जातात, तुझे पप्पा खेळत नाहीत, बसलेले असतात.

आईलेकींनी वेगवेगळ्या वेळी तेच सांगितलं होतं. तेव्हापासून अझहरला एकच गोष्ट हवी होती. एक सबंध मॅच. कप नको, मिरवणूक नको. शिट्टी वाजायच्या आधी गोलमध्ये जाऊन उभं राहायचं आणि शेवटची शिट्टी वाजली की तिथून बाहेर यायचं. दुसऱ्या कुणाला ही मागणी पोरकट वाटेल. वाटू दे. ज्याला भाकरी मिळते त्याला भूक समजावून सांगता येत नाही.

यंदा ती मॅच आली. सेमीफायनलला सम्राटचा गुडघा फिरला तो फिरलाच, डॉक्टरांनी सीझन संपला म्हणून सांगितलं. फायनल बुरूज तालमीशी. टीममध्ये ऋतुराज नावाचा नवा गोलकीपर होता, कॉलेजात शिकणारा, उंच, हसतमुख. सगळ्यांची नजर त्याच्याकडं गेली. पण ज्ञानूमामा कट्ट्यावर उठून उभे राहिले. "अझहर उभा ऱ्हाईल. सबुद दिल्ता मी." म्हातारा शब्दाचा पक्का निघाला. अझहरनं घरी येऊन सांगितलं. नजीरानं जर्सी धुऊन, इस्त्री करून ठेवली. जर्सीला इस्त्री करणारी ती कोल्हापुरातली पहिलीच असावी. फायनलला मी बी येतो म्हणाली, मेहकला घेऊन.

मॅच सुरू झाली तेव्हा ऊन तोंडावर होतं. अझहरला पहिल्यांदा कळलं की गोलकीपरला केवढा वेळ नुसतं उभं राहावं लागतं, आणि त्या उभं राहण्यातही केवढं काम असतं. आपल्या पोरांना हाका मारायच्या, डावीकडं सरका म्हणायचं, लाइनवर पाय घासून खूण करायची. सुरुवातीला हवेतून आलेला एक चेंडू त्याच्या हातून निसटला आणि बुरूजवाले गडगडून हसले. निसटलेल्या चेंडूवर त्यानं स्वतःला झोकून दिलं, कोपर सोलून निघालं, पण चेंडू पोटाखाली राहिला. त्यानंतर त्याची भीती गेली. हवेतल्या चेंडूला हात पुरत नसतील तर मुठी पुरतात, हे त्याला त्या दिवशी सापडलं. दुसऱ्या हाफमध्ये बुरुजाच्या कॅप्टननं जवळून हाणलेला चेंडू त्यानं अंगठ्याच्या टोकानं वर उडवला, तेव्हा त्यांच्या स्टँडमधूनही "आयला" ऐकू आलं. बायकांच्या गॅलरीत मेहक उभी राहून हात हलवत होती. तो इतका सुखात होता की त्याला त्या सुखाची लाज वाटली.

गोल कुणालाच झाला नाही. वेळ संपत आली, आणि स्टँडमधून सवयीनं हाका सुरू झाल्या. "अझहर, अझहर." इतकी वर्षं ही हाक त्याला बाकावरून उठवायची. आज तो आतच होता. त्यानं हात वर करून दाखवला, हाय की मी. हजारो माणसं हसली. त्याला वाटलं, आता टायब्रेकर, आणि मग शेवटची शिट्टी, आणि मग मरण आलं तरी चालेल.

तेवढ्यात त्याला बाजूच्या लाइनवर ऋतुराज दिसला. ट्रॅकसूट काढून उड्या मारत होता. ज्ञानूमामा त्याच्या तळहातांना माती चोळत होते.

चौथ्या रेफरीनं बदलाची पाटी वर धरली. त्यावर अझहरचा नंबर होता. तो लाइनपाशी पळत गेला, कारण त्याला वाटलं चूक झाली.

"मामा, मी हाय की. मला कशाला काढालाय?"

"आरं, सबंध मॅच खेळलायस न्हवं," मामा मायेनं म्हणाले. "डोळं दमल्यालं असत्यात. तूच म्हणालतास की."

"त्ये सम्राटसाठी म्हणलंतं, मामा."

मामांना ते कळलंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, असतं तर अझहर भांडला असता. पाहिजे तर मैदानात बसला असता. पण मामांच्या डोळ्यांत नुसता विश्वास होता, अझहरनंच दिलेला. स्टँडकडं बघितलं तर गल्ली टाळ्या वाजवत होती. कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. नेम होता, नेमाप्रमाणं चाललं होतं. ज्याचा नेम त्यानंच मोडायचा तर कुठल्या तोंडानं. रेफरी घड्याळाकडं बघून ओरडला, आणि अझहर लाइनच्या बाहेर आला.

ऋतुराज आत जाता जाता त्याच्या कानाशी वाकला. "अझहरभाई, त्यांचा कॅप्टन शेवटाला मारणार. कुठं मारतोय?"

"तुझ्या डावीकडं," अझहर म्हणाला. "उभ्या पायाकडं बघ."

खरं तेच सांगितलं. खोटं बोलायला त्याची जीभ वळली नाही. पण सांगून होतंय तोवर त्याच्या मनात आलं, या पोरानं हे विसरावं.

तो बाकावर जाऊन बसला, नेहमीच्या जागेवर. तिथं बसल्यावर त्याला स्वतःची खरी ओळख झाली आणि ती ओळख त्याला झेपली नाही. दोन्हीकडचे गडी एकेक करून चेंडू मारत होते, गल्ली किंचाळत होती, आणि तो हात मांड्यांखाली दाबून बसला होता. आपल्या प्रत्येक गोलला त्याचं काळीज खाली जात होतं. हरू दे. या एकदाच हरू दे, म्हणजे गल्ली म्हणेल, अझहरला काढला म्हणून हरलो. जन्मात त्यानं तालमीचं वाईट चिंतलं नव्हतं. ज्या गल्लीसाठी बढती सोडली, बुरूज सोडला, त्याच गल्लीच्या वाटेत तो मनातल्या मनात काटे पसरत होता. शेवटची पेनल्टी राहिली, बुरुजाच्या कॅप्टनची. ती आत गेली तर सगळं पुन्हा बरोबरीत, अडली तर कप आपला. अझहरनं डोळे मिटले आणि गोल व्हावा म्हणून दुवा मागितली, अब्बांसाठी मागितली होती तितक्या कळवळ्यानं.

ऋतुराजनं डावीकडं उडी टाकली आणि चेंडू अडवला.

पुढचं काय सांगायचं. गुलाल उधळला, ऋतुराज खांद्यावर चढला, तालमीच्या नावाचा गजर झाला. ज्ञानूमामा रडत रडत अझहरच्या गळ्यात पडले. "बघितलंस? तुझा नेम. तुझ्या नेमानं कप आणला, लेका." कुणीतरी अझहरच्याही कपाळाला गुलाल फासला. सबंध मॅचमध्ये त्यानं काय काय अडवलं होतं ते त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात नव्हतं, आणि गंमत म्हणजे आता त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. बाकावर त्यानं काय मागितलं ते तेवढं वाटत होतं. गल्ली जिंकली होती आणि गल्लीतला एकच माणूस हरला होता, तोही वैऱ्यांच्या बाजूनं.

गेटबाहेर नजीरा मेहकचा हात धरून उभी होती. मेहक नाचत होती. पप्पा खेळले, सगळ्यांनी बघितलं, मागच्या बाकावरच्या पोरीनंही बघितलं असणार. अझहरनं तिला शेंगा आणायला पुढच्या गाडीवर पाठवलं. नजीरानं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"जिंकलासा की. मग त्वांड का असं?"

"नजीरा, त्यो शेवटचा गोल व्हावा म्हणून मी दुवा मागितलीती," तो म्हणाला. "आपली तालीम हरावी म्हणून."

मिरवणूक वळणावर पोचली होती, ढोलाचा आवाज येत होता.

"मी बी त्येच मागितलो," ती म्हणाली.

अझहरनं मान हलवली. तिला वाटलं, त्याला थोडं हलकं वाटलं असेल. तसं झालं नव्हतं. ती हुपरीची, लग्न करून गल्लीत आलेली. तिला ते माफ होतं. अझहर त्या गल्लीत जन्मला होता.